लव, फोल, डोळा, केस

स्क्रॅबलच्या पटावर एका ओळीत १५ घरे असतात. २९ अक्षरांचा शब्द तिथे मावत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत नगरला आलेल्या माझ्या भाचीने आणि मी पट मिटून ठेवला, ओसरीवर आजोबांच्या वेळची काळी घोंगडी अंथरली आणि पिशवीतल्या सगळ्या १०० टाइल तिच्यावर ओतल्या. शब्द होता फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. एखाद्या गोष्टीला कवडीचीही किंमत नाही असे ठरवून टाकणे, एवढाच त्याचा अर्थ.

शब्द जुळवता जुळवता एक गंमत हाती लागली. त्यात एफ दोन लागतात आणि संचातही एफ दोनच असतात. सी चार लागतात, संचात दोन, मग उरलेल्या दोन जागी दोन्ही कोऱ्या टाइल बसवल्या. आय लागतात ९. भाचीने शोधून शोधून एकेक आय पुढे सरकवला. संचात आय बरोबर ९ होते, एकही मागे राहिला नाही. आणि ई? इंग्रजीत सगळ्यांत जास्त वेळा येणारे हे अक्षर. त्याच्या १२ टाइल संचात असतात, त्या बाराच्या बारा बाजूला पडून राहिल्या, कारण या अख्ख्या शब्दात ई एकदाही येत नाही. अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स नावाच्या वास्तुविशारदाने १९३० नंतरच्या मंदीच्या काळात हा खेळ रचला, तेव्हा वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरे मोजून कोणत्या अक्षराला किती टाइल द्यायच्या ते ठरवले. त्या मोजणीतून निघालेल्या संचात हा शब्द असा काठोकाठ बसतो. घोंगडीच्या एका टोकापासून निघालेली ती पांढरी रांग आम्ही दोघी बराच वेळ नुसती पाहत बसलो.

असे लांबलचक इंग्रजी शब्द आपल्याकडे बहुतेक सामान्यज्ञानाच्या पुस्तकात भेटतात. सर्वांत लांब शब्द कोणता, त्यात अक्षरे किती, अर्थ काय. एका ओळीत तीन उत्तरे आणि पुढचा प्रश्न. मुले ते घोकतात, स्पर्धेत सांगतात, टाळी घेतात. मला मात्र या शब्दाला एखाद्या ओवीसारखे वाचावेसे वाटते. आमच्या जिल्ह्याला ती सवय जुनी आहे. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगून झाली. तेव्हापासून इथल्या देवळांत, ओसऱ्यांवर, पारायणांत माणसे शब्दापाशी थांबत आली आहेत. ओवीतला अडलेला शब्द कोणी तरी फोडून सांगतो, मग त्याचा एखादा तुकडा शेतातला निघतो, एखादा स्वयंपाकघरातला, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याची खूण उमटते. तीच रीत मी या परक्या शब्दाला लावणार आहे.

आधी कानाने ऐकू. फ्लॉक् आणि नॉ असे दोन ठोके सुरुवातीला पडतात आणि मग घसरण लागते: सि, नि, हि, लि, पि, लि, फि. सात लघू एकापाठोपाठ एक. मराठी वृत्तांचा कान असलेल्या माणसाला इथे लगेच जाणवेल की चाल बदलली. दगडावर पाय रोवून उभा राहिलेला शब्द एकाएकी उतारावरून धावू लागला. शेवटी के या दीर्घ अक्षरावर तो अडतो आणि शन वर बसतो. ओठ, दात, टाळू, जिभेचे टोक सगळे कामाला लागतात, पण स्वर मात्र एकच, इवलासा ऱ्हस्व इ. इ हा क्षुद्रतेचा स्वर आहे असा नियम मी करणार नाही, पण आपले इवलेसे, चिमुकले, किंचित, टिचभर, चिटुकले, मिणमिणते हे शब्द पाहा. लहान गोष्टी बोलताना आपलीही जीभ तिथेच वर उचलली जाते. क्षुल्लकपणा सांगणाऱ्या शब्दाच्या पोटात हा स्वर एवढ्या दाटीने यावा, हा योगायोग असला तरी फार सुंदर योगायोग आहे.

नादासाठीच शब्द बनवणाराही एक माणूस आमच्या नगरात जन्मला होता. स्पाइक मिलिगन. १६ एप्रिल १९१८ ला या लष्करी गावात, इंग्रजी फौजेतल्या एका आयरिश सैनिकाच्या घरी. पुढे तो इंग्लंडच्या रेडिओवर गाजला आणि १९५९ च्या त्याच्या बालकवितांच्या पुस्तकात निंग नँग नाँग नावाच्या प्रदेशाची कविता आली. तिथल्या गायी, माकडे, झाडे, चहाच्या किटल्या सगळ्यांना त्याने अर्थ नसलेले आवाज वाटून दिले आहेत. ती कविता वाचताना मला आपले अडम तडम आठवते. पण मिलिगनचे शब्द रिकामे असतात आणि तसे असण्यातच त्यांची मौज आहे. आमच्या घोंगडीवरचा शब्द रिकामा नव्हता. तो उघडला की आतून वस्तू बाहेर पडतात.

इंग्लंडमधल्या ईटन शाळेत चालणाऱ्या लॅटिन व्याकरणात एक नियम होता. एखाद्या गोष्टीला तुच्छ लेखायचे असेल तर क्षुल्लक वस्तूचे नाव षष्ठीत घालून पुढे करणे किंवा मानणे या अर्थाचे क्रियापद ठेवायचे. खाली अशा वस्तूंची यादी: फ्लॉकी, नॉकी, निहिली, पिली. शाळेतल्या मुलांनी ती पाठ केली असणार, आणि त्या पाठांतरातूनच यादीतले चारही शब्द सलग जोडून शेवटी करण या अर्थाचा लॅटिन प्रत्यय चिकटवला गेला. छापील नोंदींत तो सर्वांत आधी सापडतो तो विल्यम शेनस्टन या इंग्रज कवीच्या १७४१ च्या पत्रात. एका माणसाला पैशाची पर्वा नव्हती, हे शेनस्टनला त्यात कौतुकाने सांगायचे होते. हाच शेनस्टन आपल्या जमिनीवर बाग फुलवण्यात मिळकत खर्चून बसला, हे कळल्यावर तो शब्द त्याच्या हातून यावा याचे नवल वाटत नाही. पुढे वॉल्टर स्कॉटने १८२९ मध्ये रोजनिशीत तो लिहिला, तेव्हा नॉकीच्या जागी पॉकी लिहिले. पॉकी म्हणजे थोडे. शब्द एका अक्षराने बदलला आणि यादीतली एक वस्तू गळून पडली. मला ही चूक लागते. चारही वस्तू जागेवर असायला हव्यात.

पहिली वस्तू फ्लॉकस. लोकरीचा पुंजका, लव. मेंढ्यांचा कळप बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्यांजवळून गेला की मागे काट्याला जे अडकून राहते ते. कळपाला इंग्रजीत फ्लॉक म्हणतात, पण तो शब्द वेगळा, त्याचे मूळ जुन्या इंग्रजीत. हा फ्लॉकस लॅटिनमधून आला आणि इंग्रजीत पुष्कळ ठिकाणी अडकून राहिला. आकाशातल्या विस्कटलेल्या पुंजक्यांसारख्या ढगांना हवामानशास्त्र याच नावाने ओळखते. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर मातीचे कण एकमेकांना धरतात, त्यांचे मऊ गोळे होतात आणि हळूहळू तळाशी बसतात. त्या क्रियेचे शास्त्रीय नाव फ्लॉक्युलेशन. तुरटीचा खडा धरून हंड्यात हात फिरवणाऱ्या आमच्या आजीच्या बोटांखाली पाण्याची लोकर होत होती, असे आता वाटते.

आणि आमच्या जिल्ह्यात लोकरीच्या लवेला तुच्छ म्हणायचे कसे? जामखेड तालुक्यातल्या चोंडी गावी १७२५ मध्ये धनगराच्या घरात अहिल्याबाई जन्मल्या. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. पारनेर, कर्जत, जामखेडच्या माळांवर मेंढ्या अजून चरतात. मेंढी कातरली की लोकर निवडायची, पिंजायची, हाताने सूत काढायचे, चिंचोक्याच्या खळीने ताणा कडक करायचा आणि मागावर घोंगडी विणायची. पुंजक्यावर पुंजका धरल्याशिवाय हातभर सूत निघत नाही. ज्या घोंगडीवर आमचा शब्द मांडला होता ती नीट जवळून पाहिली तर काळ्या विणीतून पांढरट, राखी, तांबूस केस डोकावतात. मेंढ्या एका रंगाच्या नव्हत्या एवढे त्या कापडाने अजून जपून ठेवले आहे. रोमचा माणूस ज्याला काहीच नाही म्हणाला, ते माझ्या आजोबांनी ४० हिवाळे पांघरले.

दुसरी वस्तू नॉकम. ती नेमकी काय होती याबद्दल खुद्द लॅटिन वैयाकरणांत एकमत नव्हते. कोणी म्हणे कवचाच्या फळाचे टरफल, कोणी आतला पापुद्रा, कोणी फळाची कोय. फेकून देण्याची वस्तू एवढे पक्के. मी मराठीत तिला फोल म्हणेन. खळ्यात वाऱ्याला धान्य उपणताना दाणा पायाशी पडतो आणि फोल पलीकडे उडते. फोल ठरणे, फोलपणा, फोल आशा हे सगळे शब्द त्या खळ्यातून आले आणि खळी संपली तरी मागे राहिले.

तिसरी वस्तू माझ्या सर्वांत जिव्हाळ्याची. निहिल. सगळे जण तिचा अर्थ शून्य असा देऊन पुढे जातात, पण निहिलही एक जोडशब्द आहे. ने म्हणजे नाही आणि हिलम म्हणजे एक अगदी बारीक वस्तू. बी शेंगेला जिथे चिकटलेली असते तिथली खूण, असे हिलमचे स्पष्टीकरण जुन्या लॅटिन कोशकारांनी दिले आहे. वनस्पतिशास्त्रात आजही बीवरच्या त्या खुणेचे नाव हिलम आहे. म्हणजे निहिल हा मुळात शून्याचा आकडा नाही. दाण्यावरच्या खुणेएवढेही नाही, असे ते म्हणणे आहे.

भाचीला हे सांगताना मी स्वयंपाकघरातून भिजत घातलेल्या चवळीची वाटी आणली. चवळीला काळा डोळा असतो हे सगळ्यांना माहीत असते. पण त्या काळ्याच्या मधोमध एक लांबट पांढरी चीर असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती हिलम. इथून शेंगेच्या शिरेने दाण्याला पोसले. भिजल्यावर ती जराशी फुगते, आणि तिच्याजवळच साल सोडवून पाहिले तर आत वाकलेला कोंब दिसतो. भाचीने दाणा नखाने सोलला आणि कोंब बोटावर घेतला.

‘मावशी, म्हणजे नथिंगमध्ये पण हे आहे?’

‘निहिलमध्ये आहे. आधी ते आहे, मग त्याला नाही म्हटलंय.’

आमच्याकडे दाण्यांनी सोने मोजले जात असे, हेही तिला त्याच वेळी सांगितले. आठ गुंजांचा एक मासा, बारा मासे म्हणजे तोळा, आणि वाल हेसुद्धा वजनाचे नाव. लाल अंगाची, काळ्या तोंडाची गुंज तराजूच्या एका पारड्यात आणि दुसऱ्यात सोन्याचा कण. तराजूवरून पासंग आठवतो. दोन पारडी सारखी करायला एका बाजूला बांधलेला दगडाचा तुकडा म्हणजे पासंग. शब्द फारसी, निजामशाहीची राजधानी असलेल्या या मुलखात तो सहज मुरला, आणि पासंगालाही पुरणार नाही हे वाक्य तुच्छता दाखवायला आपण अजून वापरतो.

चौथी वस्तू पिलस, केस. इंग्रजीतल्या कॅटरपिलर या शब्दाच्या पोटातही हाच केस आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या त्या शब्दाचा मूळ अर्थ केसाळ मांजर असा. सुरवंटाला मांजर म्हणणाऱ्या त्या अनामिक माणसाचे डोळे किती ताजे असतील! मराठीत आपण केसभरही मागे हटत नाही, केसालाही धक्का लागू देत नाही. केस हे आपले अंतर मोजायचे सर्वांत लहान माप आहे.

चारही वस्तूंच्या मागे फिकेशन, म्हणजे करण. इथे आपले व्याकरण मदतीला येते, आणि मला या शब्दाच्या रसग्रहणातला हा सर्वांत आनंदाचा भाग वाटतो. संस्कृतात तृणीकरण असा शब्द आहे. गवत नसलेल्या गोष्टीला गवत करून टाकणे. च्वि प्रत्ययाने जसे शुद्धीकरण, तसेच तृणीकरण. लॅटिनने चार वस्तू लागोपाठ ठेवून जे केले, ते संस्कृत गवताच्या एका काडीत करते. आणि पाणिनीनेही अनादरासाठी स्वतंत्र सूत्र ठेवले आहे. अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात तो सांगतो की मानणे या धातूने तुच्छता दाखवायची असेल, तर ज्या वस्तूच्या तोलाचे मानायचे तिला विकल्पाने चतुर्थी लावावी, फक्त ती वस्तू प्राणी नसावी. पुढच्या वैयाकरणांना प्राण्यांची ही सरसकट अट पटली नाही. त्यांनी होडी, अन्न, कावळा, पोपट आणि कोल्हा एवढ्यांना नियमाबाहेर काढले. कुत्र्याच्या तोलाचे मानताना चतुर्थी चालेल, पोपटाच्या तोलाचे मानताना चालणार नाही. रोममध्ये षष्ठी, इकडे चतुर्थी. दोन दूरच्या देशांतल्या वैयाकरणांनी माणसाच्या तुसडेपणाची विभक्ती ठरवायला एवढी बारीक नजर लावली, हे वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवून कितीतरी वेळ बसले होते.

मराठीचे भांडारही काही कमी नाही. कस्पटासमान लेखणे, तृणवत मानणे, कवडीमोल, खिजगणतीत नसणे. कःपदार्थ तर फारच देखणा: हा कुठला पदार्थ, हा प्रश्नच गोठून नाम झाला. कस्पट म्हणजे डोळ्यात गेले तर माणसाला जागेवर बसवणारी काडी. कवडी म्हणजे समुद्रातल्या जिवाचे घर, जे एके काळी बाजारात नाणे म्हणून चालले. तुच्छतेचा एकही शब्द वस्तूशिवाय उभा राहत नाही. रागाने का होईना, माणसाला खाली वाकून काहीतरी उचलावे लागते.

म्हणूनच दुसरे दोन लांब शब्द मी याच्या शेजारी बसवून पाहिले तेव्हा माझा कौल ठरला. एक ४५ अक्षरांचा, न्यूमोनो या तुकड्याने सुरू होणारा, ज्वालामुखीची सूक्ष्म धूळ फुप्फुसात जाऊन होणाऱ्या आजाराचा. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कोडेबाजांच्या संघाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो सर्वांत लांब व्हावा म्हणूनच घडवला. त्याचे तुकडे चोख आहेत, पण मालगाडीच्या डब्यांसारखे. एक डबा काढला तरी गाडी चालते. दुसरा शेक्सपिअरच्या १५९८ मध्ये छापलेल्या नाटकात विदूषकाच्या तोंडी आलेला, होनोरिफिकाबिलिटुडिनिटाटिबुस, २७ अक्षरांचा. सन्मानास पात्र असण्याच्या अवस्थेशी त्याचा संबंध. इंग्रज वाचकाला त्याचे नवल वाटते ते यासाठी की त्यात व्यंजन आणि स्वर एकाआड एक येतात, शेवटपर्यंत. पण तोच देवनागरीत लिहा. हो, नो, रि, फि, का, बि, लि, टु, डि, नि, टा, टि, बु, स. चौदा अक्षरे, एकही जोडाक्षर नाही. पहिलीतल्या मुलानेही वाचावा असा! उलट स्ट्रेंग्थ्स या नऊ अक्षरी शब्दात इंग्रजीत एकच स्वर आहे, आणि देवनागरीत तो लिहायला बसले की लेखणी अडखळते. एका लिपीतला डोंगर दुसऱ्या लिपीत सपाट होतो, हे भाचीने स्वतः वहीत लिहून ताडून पाहिले.

एक शब्द मात्र मला या सगळ्यांच्या समोर ठेवावासा वाटतो. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानदेव बसले असे मानतात, त्याला पैसाचा खांब म्हणतात. पैस म्हणजे विस्तार, अवकाश. दुर्गा भागवतांनी आपल्या पुस्तकाला हेच नाव दिले आणि त्या पुस्तकाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सगळा अवकाश दोन अक्षरांत, आणि क्षुल्लकपणा सांगायला २९. मोठ्याला शब्द लहान पुरला आणि लहानाला मोठा लागला. मला यात विसंगती दिसत नाही. आभाळाकडे बोट केले की पुरते, पण लोकरीची लव, फोल, दाण्यावरची खूण आणि केस दाखवायचे तर एकेक वस्तू तळहातावर ठेवावी लागते.

संध्याकाळी भाचीने हट्ट धरला, हा शब्द मराठीत करू. मी म्हटले, कर. पहिली दोन पदे तिने लगेच धरली, लव आणि फोल. तिसऱ्याला मी शून्य सुचवले. ते तिने खोडले.

‘शून्य नाही मावशी. डोळा नाही, असं पाहिजे. चवळीचा.’

मग न आणि डोळ असे दोन तुकडे आले. केसला तिने तृणीकरणासारखी ई लावली. वहीत पेन्सिलीने उतरले ते असे: लवफोलनडोळकेसीकरण. बोटांवर मोजले तर बारा अक्षरे भरली. इंग्रजी शब्द आम्ही परत हळूहळू म्हटला, फ्लॉक्, सि, नॉ, सि, नि, हि, लि, पि, लि, फि, के, शन. तेही बारा. ती पुन्हा पहिल्या बोटापासून मोजायला बसली आणि मी टाइल गोळा करायला घेतल्या. दोन कोऱ्या सापडल्या, आय आठच भरत होते. नववा घोंगडीच्या दशीत अडकलेला निघाला.